तुंगक्कांची वाटी

डोहाळजेवण रविवारी ठरलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी घरात चार पौंड दहा औंस येऊन बसले.

आले ते एका कार्डावरून. कार्ड आणणारी रक्षिता नावाची मुलगी डॉक्टर होती, पण इतकी लहानखुरी, की संध्याने तिला आपल्या सुनेच्या ऑफिसातली मैत्रीण समजून ‘स्वानंदी गेली ग कामावर’ असं मराठीतच सांगून टाकलं. मुलीने कन्नडमध्ये पाणी मागितलं, उभ्या उभ्या पेला रिकामा केला आणि मग विचारलं, की बळेपेटेतल्या टेलरांचा मुलगा, त्रेचाळीस सालच्या नोव्हेंबरात मिशनच्या बाळंतखान्यात जन्मलेला, तो इथेच राहतो का?

“राहतो,” आतून नागनाथराव म्हणाले, “पण आता तो मुलगा राहिलेला नाही.”

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप होती. दुकान चिक्कपेटेत आणि घर जे. पी. नगरात, तरी टेप घरीही गळ्यातच असायची; काहींच्या गळ्यात जानवं असतं तशी. रक्षिताने ती टेप पाहिली आणि तिला एकदम बरं वाटलेलं दिसलं. त्या बाळंतखान्याच्या जुन्या वह्या एका कोरड्या खोलीत धडधाकट सापडल्या होत्या. प्रत्येक बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, सगळं पन्नास वर्षांपूर्वी टेपने मोजून टाकाने लिहिलेलं. आता ती माणसं हुडकायची, त्यांची साखर बघायची, हृदय बघायचं, असं काम चाललं होतं.

“म्हणजे आमच्या दुकानातल्या वहीसारखंच,” नागनाथराव खूश झाले. “गिऱ्हाईक गेलं तरी मापं राहतात. माझं माप काय लिहिलंय?”

तिने कार्ड पुढे केलं. चार पौंड दहा औंस.

“आमच्या भाषेत सांगा.”

“दोन किलो शंभर ग्रॅम. कमी आहे, सर. तुम्हाला साखर आहे?”

“तेरा वर्षं झाली. अडतिसाव्या वर्षी निघाली. आईला नाही, बहिणीला नाही, वडिलांना नव्हती. एवढी इस्टेट माझ्या एकट्याच्या नावावर.”

हे वाक्य आलं की संध्याची मान खाली जायची. तिला कुणी खाली घालायला लावत नसे. तेरा वर्षांची सवय. साखर निघाली त्या आठवड्यात नणंद, स्मिताक्का, दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाली होती, “वहिनी बेळगावची, कुंद्याच्या गावची. हाताला गोडी फार हो तिच्या.” हसत म्हणाली होती. घरात हसत बोललेलं वाक्य धुऊन निघत नाही. रागात बोललेलं निघतं. पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक होळिगेच्या, म्हणजे पुरणपोळीच्या, घाण्याला ते वाक्य कुणी ना कुणी वाढून घेतलं. नागनाथराव स्वतः मुळात चिमणीसारखे खाणारे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

“मग ही येते कुठून?” संध्याने विचारलं. आपण विचारतोय हे तिला विचारून झाल्यावर कळलं. “खाण्याने ना?”

“खाण्यानेही,” रक्षिता म्हणाली. “घराण्यात असते, बसून बसून वाढते, ते सगळं आहेच. पण आम्हाला वाटतं त्याच्याही आधी काहीतरी होतं. आईच्या पोटात बाळाला कमी मिळालं, तर त्याचं शरीर काटकसर शिकतं. आहे ते मेंदूला पुरवतं आणि बाकीच्या अवयवांना हात आखडता घेतं. पुढे आयुष्यात भरपूर मिळायला लागलं, की काटकसरीला सरावलेलं ते शरीर त्या भरपूरपणाला पुरं पडत नाही. अजून पक्कं म्हणता येत नाही. एकट्या माणसाबद्दल तर नाहीच येत. म्हणून इतकी माणसं शोधतोय.”

नागनाथरावांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“म्हणजे बेतायलाच कापड कमी पडलं,” ते म्हणाले. “आत शिवणीला माया ठेवायला जागाच नव्हती. मग पुढे शिवण उसवून सैल करायची म्हटलं तरी काय करणार?”

“सरी, सर, बरोबर,” रक्षिता म्हणाली. “असंच काहीसं. पण यात आईचा दोष नसतो हं. आईला कोण विचारतं?”

ती कार्डाची प्रत ठेवून गेली. नागनाथराव चपला घालता घालता थांबले.

“आईला हे सांगायचं नाही, संध्या. पंचाहत्तरी आलीय तिची. उगाच मनाला लावून घेईल.”

संध्याने मागच्या पडवीकडे पाहिलं. भागीरथीबाई पाय पसरून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. सासूबाईंना उजव्या कानाने कमी ऐकू येई. कुठला कान कुणाकडे करायचा, ते मात्र त्यांचं त्या ठरवत. आत्ता उजवा कान घराकडे होता.

“बरं,” संध्या म्हणाली, आणि कार्ड तूरडाळीच्या डब्यात घातलं.

पण तिच्या मनात दुसरंच सुरू झालं होतं, आणि ते नवऱ्याच्या साखरेचं नव्हतं.

स्वानंदीला सातवा लागला होता. पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरवर काम करणारी, बोलायला मोकळी. सासरी आल्यावर पहिला कन्नड शब्द शिकली तो ‘साकु’, पुरे. तो तिला भागीरथीबाईंनी शिकवला; मुद्दाम नव्हे, रोज शेजारी जेवताना. भागीरथीबाईंच्या पानात पहिला भात पडला की त्यांचा तळवा पानावर आडवा यायचा: साकु. लग्न होऊन आल्यापासून संध्याने त्यांना दुसऱ्यांदा भात घेताना पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी स्वानंदी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आता नक्कल राहिली नव्हती. पानात एक फुलका, काकडीच्या चकत्या, आणि वर तळवा. मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साखर अगदी व्यवस्थित आहे, पण महिन्याभरात वजन पाव किलोच वाढलंय, बाळ लहान वाटतंय, नीट जेवायला घाला. हे मुलाने, सुशांतने, संध्याला गाडी पुसता पुसता हळूच सांगितलं, आणि वर म्हणाला, “मी सांगितलं तर ती भांडते, तू सांग.”

तू सांग! साऱ्या खानदानात जिच्या हातचं खाऊन माणूस आजारी पडला असं ठरलेलं, तिने सुनेला सांगायचं, खा ग बाई.

*

शनिवारी दुपारी स्मिताक्का आली. यशवंतपूरहून, नारळाचं पोतं आणि ऑटोवाल्याशी चाललेलं भांडण दोन्ही बरोबर घेऊन. पोतं आत आलं, भांडण फाटकाशी पाच मिनिटं आणखी चाललं.

“मीटरवर दीडपट मागतो दिवसाउजेडी!” ती पंख्याखाली बसली. “वहिनी, किती नारळ लागतील म्हटलंस? पंचवीस आणलेत. उरले तर उरले. स्वानंदी कुठाय? ये ग, बघू. अगबाई, ही तर दिसतच नाही! सातवा आहे ना?”

“दिसत नाही तेच बरं,” भागीरथीबाई म्हणाल्या. डावा कान इकडे होता. “हलकं बाळ, हलकी सुटका.”

“बघा, अज्जी माझ्या पार्टीत आहेत,” स्वानंदी हसली आणि त्यांना चिकटून बसली.

संध्या चकल्या तळत होती. ताटलीत चार मोडक्या चकल्या आणि वाटीभर चित्रान्न घालून तिने स्वानंदीपुढे ठेवलं. लिंबाचा वास घरभर झाला होता.

“चाखून सांग मीठ बरोबर आहे का.”

“आई, राइस नको ना.”

“चाखायला सांगतेय. जेवायला नाही.”

“तुम्ही असंच म्हणता आणि मग वाटीभर असतं ते.” स्वानंदीने ताटली परत सरकवली, प्रेमानेच. “खरं सांगू? मला भीती वाटते. बाबांची ती सकाळची गोळी, पायाला मुंग्या येतात म्हणून रात्री उठून बसतात, कुठे लग्नाला गेलं की पानात काय आहे ते आधी बघायचं. मी बघते ना रोज. हे मला बाळाला द्यायचं नाही. घरात शुगर आहे, मग मी तरी जपायला हवं.”

“तुझी साखर व्यवस्थित आहे म्हणाल्या ना डॉक्टर?”

“आहे, कारण मी खात नाही!”

विहिरीत पडलो नाही, कारण पाणीच प्यालो नाही, असं हे.

“शहाणी आहे पोर,” स्मिताक्का म्हणाली. “जपतेय स्वतःला. या घरात गोडाधोडाने आधीच एका माणसाचं...” तिने वाक्य सोडून दिलं आणि चकली उचलली. स्मिताक्काची वाक्यं अर्धी असली तरी पोचायची पूर्ण.

संध्याने झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळलं. समोर तीन पिढ्या एका बाजूला बसल्या होत्या, सासू, नणंद, सून. एरवी या तिघींचं चहात साखर किती घालायची यावरही एकमत होत नसे. या बाजूला ती, कढई, आणि तूरडाळीत पुरलेलं एक कार्ड.

रात्रीच्या जेवणाला तिने नेहमीप्रमाणे नागनाथरावांचा भात मोजला. मोजायला पितळेची जुनी वाटी होती, काठाशी एक पोचा आलेली. तेरा वर्षांपूर्वी दवाखान्यातून आहाराचा कागद आला होता, ‘भात एक वाटी’, तेव्हा संध्याने सासूबाईंना विचारलं होतं, एक वाटी म्हणजे केवढी? भागीरथीबाई उठल्या, आपल्या ट्रंकेतून ही वाटी काढून आणली आणि भरून, तर्जनीने वरचा भात सपाट करून दाखवला. “ही घे. हिचं माप चुकत नाही.” तेव्हापासून संध्या तशीच भरत आली, तशीच सपाट करत आली. भिंतीवर तुंगक्कांचा, म्हणजे सासूबाईंच्या सासूचा, फोटो होता. ‘मापात राहिलं की उसवत नाही’ हे त्यांचं वाक्य घरात मंत्रासारखं चालत असे. शिंप्याच्या घरात ते शोभायचंही.

जेवणं झाल्यावर तिने कार्ड डब्यातून काढलं, झटकलं आणि कमरेला खोचलं. डाळीचा एक दाणा चिकटून राहिला होता.

*

रविवारी स्वानंदी हिरव्या साडीत आणि शेवंतीच्या दागिन्यांत अशी दिसत होती, की सुशांत दोनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून बायकांच्या खोलीत डोकावून गेला. तिसऱ्यांदा स्मिताक्काने त्याला दारातच अडवलं. “काय हवंय?”

“कात्री, आत्त्या.”

“शिंप्याच्या घरी कात्री मागायला बायकांत येतोस होय रे? जा.”

पानं मांडली. मधल्या पानाभोवती रांगोळी. पुरणाच्या होळिगे, कोशिंबीर, चित्रान्न, अवरेकाळूची उसळ, पायस, पाच तऱ्हेच्या खिरापती. शेजारणी आल्या होत्या, कन्नड आणि मराठी हसणं एकमेकांत मिसळलं होतं. स्वानंदीने सगळ्यांच्या आग्रहाखातर प्रत्येक पदार्थाला बोट लावलं, आणि बोट तेवढं चाटलं.

“अग, खा की!” एक शेजारीण म्हणाली. “सीमंताच्या दिवशी कुणी उपाशी राहतं होय?”

“जास्त नको हं तिला,” स्मिताक्का पलीकडून वाढत येत म्हणाली. “आमच्याकडे जिभेने घात केलेला आहे. नागनाथअण्णा किती जपायचा लहानपणी! लग्न झालं आणि...” तिने संध्याकडे बघून मान वाकडी केली, गमतीने. “वहिनीच्या होळिगेपुढे कोण टिकेल?”

सगळ्या हसल्या. नवीन काही नव्हतं. संध्याही एरवी हसायची. आज तिचा हात कमरेशी गेला. कार्डाचा कोपरा बोटाला लागला. एवढं एक वाचून दाखवलं, की तेरा वर्षं एका वाक्यात धुऊन निघाली असती, आणि ही समोरची हिरवी पोर कदाचित जेवली असती. आणि त्याच वाक्याने ते सगळं कोपऱ्यात पाटावर बसलेल्या त्या म्हातारीच्या पदरात पडलं असतं, चारचौघींत. दाराच्या पलीकडे पुरुषांच्या पंगतीतून नागनाथराव तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. नुसतं बघत होते.

संध्याने पोटभर श्वास घेतला. स्वानंदीच्या पानातली होळिगे अजून जशीच्या तशी होती.

“थांबा,” भागीरथीबाई म्हणाल्या. “आधी वाट्या होऊ देत.”

वाट्यांचा खेळ जेवणानंतर असतो. पण पंचाहत्तरीच्या माणसाला कोण अडवणार? स्मिताक्काने कुरकुरत ताट आणलं; दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. भागीरथीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तिसरी वाटी होती, वर पानाचा तुकडा झाकलेली. ती त्यांनी दोन्ही वाट्यांच्या मध्ये ठेवली.

“हे काय ग आई? तिळं होणार आहे की काय?” स्मिताक्काने विचारलं.

“तू उचल ग, स्वानंदी.”

तिसरी वाटी असल्यावर कोण पहिल्या दोन उचलेल? स्वानंदीने मधली उचलली, पान काढलं. आत पांढरा भात. काठाशी बरोबर सपाट केलेला.

एकदम हशा झाला. “भात निघाला! आचारी होणार ग!” “हॉटेल काढणार मुलगा!” स्वानंदीही हसत होती. हसली नाही ती संध्या. काठाचा तो पोचा तिच्या रोजच्या ओळखीचा होता, आणि भातावरून फिरलेल्या बोटाची ती खूणही.

“हसा,” भागीरथीबाई खाली बसत म्हणाल्या. “हसून झालं की ऐका. या वाटीने मी जेवले आहे. नागनाथ पोटात असताना. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

हसू विरायला थोडा वेळ लागला. स्मिताक्काला सर्वांत जास्त.

“ही सासूबाईंची वाटी. तुंगक्कांची. माझ्या थोरल्या जाऊबाई माहेरी बाळंतपणाला गेल्या त्या परत आल्या नाहीत. बाळ मोठं होतं, अडलं. दोघंही गेली. सासूबाईंनी हाय खाल्ली त्याची. मला दिवस गेले तेव्हा म्हणाल्या, हिला माहेरी धाडायची नाही आणि बाळ वाढू द्यायचं नाही. त्यांना वाटलं, आईचं पान मापात ठेवलं की बाळही मापात राहील. बोटाने सपाट करून वाढायच्या. आणि चारचौघांत विचारायच्या, आणखी हवं का ग? मी म्हणायचं, साकु. तसं ठरलंच होतं आमचं.”

“छळ केला म्हणा की हो,” शेजारीण हळहळली.

“छळ नव्हता,” भागीरथीबाईंनी तिला तिथेच थांबवलं. “माझ्याबरोबर त्याही त्याच वाटीने जेवल्या. सात महिने. रात्री माझे पाय चेपायच्या. छळ असता तर मी चोरून खाल्लं असतं. मागच्या दारी गंगव्वा राहायची. एकदा पदराखाली झाकून रागीमुद्दे, नाचणीचा गोळा, घेऊन आली, वर तुपाची धार. त्याचा वास अजून आहे माझ्या नाकात. मी परत पाठवला. पोटातल्याची शपथ घातलेली होती मला.”

“अज्जी,” स्वानंदीने विचारलं, “खूप भूक लागायची?”

“लागायची म्हणजे? बाई ग, भूकच होती सगळी. मी कुठे होते!” त्यांनी वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. “आणि सुटका खरंच सोपी झाली. सगळे सासूबाईंना हुशार म्हणाले. एवढंसं होतं पोर, कातडीला सुरकुत्या, म्हाताऱ्यासारखं. चार पौंड दहा औंस.”

दारात नागनाथराव उभे होते. केव्हा आले कुणास ठाऊक.

“आई, तू ऐकलंस परवा?”

“मोठ्याने तर बोलत होतात. डॉक्टरीण चांगली आहे, स्पष्ट बोलते.” मग त्या लेकीकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज जरा बदलला. “स्मिते, तुझ्या वेळी सासूबाई नव्हत्या. मी धारवाडला माझ्या आईकडे होते. तिने लोण्याशिवाय घास दिला नाही मला. म्हणून आज तू चार होळिगे पचवतेस आणि त्याला अर्धी पचत नाही. त्यात तुझं काही कर्तृत्व नाही. आणि या संध्याचा काही गुन्हा नाही. तेरा वर्षं तू तिला टोचतेस आणि मी ऐकते. माझ्या मनात पाल चुकचुकायची, पण तुझं बोलणं मला सोयीचं होतं. ते तिच्या अंगावर पडलं की माझ्या अंगावर येत नसे.”

वाढायची पळी पायसात उभी होती ती हळूहळू कलली आणि बुडाली. स्मिताक्का ती काढायला गेली नाही.

“पण अज्जी,” स्वानंदी अगदी हळू म्हणाली, “तुम्हीच म्हणायचात ना, हलकं बाळ बरं?”

“म्हणायची. बावन्न वर्षं मीच मला सांगत आलेय ते. तू मध्ये सापडलीस.” त्यांनी भाताची वाटी उचलून तिच्या हातात दिली. “सासूबाई भीतीने मोजत होत्या. तूही भीतीनेच मोजतेस. त्या निदान दवाखान्यात विचारायला गेल्या नाहीत. तू जाऊन आलीस, त्यांनी खा म्हणून सांगितलंय, आणि तरी तू माझ्यासारखा हात आडवा धरतेस. रोज माझ्या शेजारी बसून. मी बघत होते ग.”

नागनाथराव बायकांच्या खोलीत आले, आईच्या पाटाशेजारी फरशीवरच बसले. गळ्यात टेप, अंगात सणाचा सिल्कचा शर्ट. आईचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

“आई, एक सांगू? कमी कापडात शिवलेला कोट बावन्न वर्षं चाललाय. अजून एकही बटण गेलेलं नाही. शिवणाऱ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही.”

“गप. दात दोन गेलेत तुझे.”

“ती बटणं नव्हेत. ती झालर.”

भागीरथीबाई हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तेवढंच. त्या फार रडणाऱ्यातल्या नव्हत्याच.

स्वानंदी हातातल्या वाटीकडे बघत होती. मग तिने तो भात आपल्या पानात पालथा घातला. वाटीचा आकार घेऊन तो तसाच उभा राहिला, देवळाच्या छोट्या घुमटासारखा. तिने बोटांनी तो मोडला.

“आई,” ती संध्याला म्हणाली, “याच्यावर उसळ वाढा. आणि चित्रान्न.”

“किती?” संध्याच्या तोंडून सवयीने निघालं.

“तुम्ही वाढायला लागा. थांबायचं मी सांगेन.”

संध्या वाढायला लागली. दुसऱ्या वाढणीला स्वानंदीने मान हलवली नाही, तिसऱ्याला जरा हलवली, आणि स्मिताक्का, जिला गेल्या दहा मिनिटांत बसायला जागा सापडली नव्हती, ती पायसाची वाटी घेऊन आली. स्वानंदीपुढे ठेवली. दुसरी आणली, ती संध्यापुढे.

“तू सकाळपासून उभी आहेस, वहिनी. बस. मी वाढते.” आणि थोडं थांबून, कुणाकडेच न बघता, “होळिगे छान झालीय. मऊ.”

बेचाळीस माणसांच्या त्या खानदानात स्मिताक्काने यापूर्वी कुणाची क्षमा मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ही सुद्धा मोजायला घेतली तर अर्धीच भरली असती. पण पोचली पूर्ण.

*

संध्याकाळी शेजारणी गेल्या, ऑटो आला, स्मिताक्का उरलेले सात नारळ विसरून आणि चकल्यांचा डबा न विसरता यशवंतपूरला गेली. स्वानंदी फुलांसकट झोपून गेली होती. सुशांत तिच्या केसांतल्या शेवंत्या एकेक काढत बसला होता. उठवायचं धाडस नव्हतं.

नागनाथराव रात्री पानावर बसायला आले तेव्हा संध्याच्या कमरेकडे बघून म्हणाले, “कार्ड बाहेर काढणार होतीस ना?”

“होते.”

“मग?”

“आईंनी आधी काढलं.”

त्यांनी हात पुढे केला. तिने कार्ड दिलं. त्यांनी ते दुकानाच्या वहीत ठेवलं, जिथे आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं ठेवत.

संध्या भात वाढायला बसली. पितळी वाटी घासून फडताळावर उपडी घातलेली होती. तिचा हात तिकडे गेला आणि तिथून पुढे जाऊन त्याने स्टीलची वाटी घेतली. भात तेवढाच घातला, डॉक्टरांनी सांगितला तितका. साखर काही गोष्ट ऐकून कमी होत नाही. फक्त बोट फिरवलं नाही. जरासा उंचवटा राहिला वर.

मग तिने सासूबाईंना वाढलं. पहिला भात पडला. संध्या तळव्याची वाट बघत क्षणभर थांबली, अठ्ठावीस वर्षं थांबत आली होती तशी. भागीरथीबाईंचे दोन्ही हात मांडीवरच होते. पातेल्यातल्या भाताची वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली होती, ती त्यांनी पुसली नाही.

संध्याने दुसरा भात वाढला. मग त्यावर तूप.

त्या जेवू लागल्या.